हमामात्सुचा माग आणि एमएच-25 ची स्विफ्ट

आमच्या धाराशिव जिल्ह्यातून दोन मोठे रस्ते जातात. एक सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव, येडशी करत बीड-धुळ्याकडे जाणारा आणि दुसरा नळदुर्ग, उमरग्यावरून हैदराबादला जाणारा. कोणत्याही रस्त्यावर तासभर उभे राहिलात तर एक गाडी पुन्हा पुन्हा दिसेल. ठेंगणी, गोलसर, पुढून वटारलेल्या डोळ्यांची. एमएच-25 ची पाटी, मागच्या काचेवर कुठे ‘जय शिवराय’ तर कुठे ‘786’. ही मारुती स्विफ्ट. इंग्रजीत स्विफ्ट म्हणजे वेगवान आणि त्याच नावाचा एक पक्षीही आहे, ज्याला आपण पाकोळी म्हणतो.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. आठवी-नववीच्या पोरांना मोठेपणी काय घ्यायचे असे विचारले की मागच्या बाकावरून हमखास उत्तर येते, “सर, स्विफ्ट लेना है.” त्यांना हिची टॉप स्पीड पाठ असते, पण ही गाडी आली कुठून हे कुणाला ठाऊक नसते. ती हकीकत सांगावी असे बरेच दिवस मनात होते. कारण तिची सुरुवात मोटारीपासून होत नाही. ती मागापासून होते, आणि माग म्हटले की सोलापूर, मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या आपल्या मोमीन घरांचा विषय आलाच.

सुताराचा शागिर्द

जपानच्या शिझुओका प्रांतात हमामात्सु नावाचे शहर आहे. कापडाचा धंदा हा त्या भागाचा जुना व्यवसाय. तिथे मिचिओ सुझुकी हा 1887 साली जन्मलेला मुलगा सुताराच्या हाताखाली शिकून तयार झाला. त्याने 1909 मध्ये माग बनवण्याचा कारखाना काढला. सुझुकीचे माग चांगले निघाले, परदेशात गेले. आग्नेय आशियातले लोक कमरेला गुंडाळतात ती सारोंग, म्हणजे आपल्या लुंगीची बहीण, विणण्यासाठी त्या मागांना मागणी होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर कापडाचा धंदा बसला. तेव्हा या कंपनीने 1952 मध्ये सायकलला बसवायचे 36 सीसीचे छोटे इंजिन आणले, 1954 मध्ये नाव बदलून सुझुकी मोटर केले आणि 1955 मध्ये ‘सुझुलाइट’ ही 360 सीसीची मोटार काढली. तिची इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळत होती. त्यामुळे मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब शाफ्ट लागत नव्हता, गाडी हलकी होत होती आणि आत माणसांना जागा राहत होती. लहान गाडीला कमी कर असा जपानचा कायदा होता. इतक्या लांबीत आणि इतक्या सीसीत काय ते बसवा, ही त्याची अट. या अटीत काम करता करता सुझुकीचे इंजिनिअर थोडक्यात जास्त बसवण्याच्या कलेत तरबेज झाले. स्विफ्टची पाळेमुळे या कलेत आहेत.

आणि एकटी सुझुकीच नव्हे. टोयोटाचे मूळही त्याच परिसरातल्या साकिची टोयोडा या सुताराच्या मुलाने बनवलेल्या स्वयंचलित मागात आहे. होंडाचे संस्थापक सोइचिरो होंडा हे हमामात्सुजवळच्या खेड्यातल्या लोहाराचे पोर. शाळा संपवून ते टोकियोत एका मोटार गॅरेजवर शागिर्द म्हणून राहिले. पुढे स्वतः पिस्टनच्या रिंगा बनवायला घेतल्या, तर त्या टिकेनात. हाताला कसब होते, पण धातूत काय मिसळते आणि त्याने काय होते याचे ज्ञान नव्हते. तेव्हा तिशी गाठलेला हा धंदेवाईक माणूस 1937 मध्ये हमामात्सुच्या तंत्रशाळेत जाऊन विद्यार्थ्यांच्या बाकावर बसला.

मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. हुनर आपल्या लोकांच्या हातातही होता आणि आहे. मालेगावचा कारागीर मागाचा आवाज ऐकून कुठे बिघडले ते सांगतो. पण जपानने 1872 मध्येच सर्व मुलांसाठी शाळेचा कायदा केला आणि विसावे शतक उजाडता उजाडता तिथली बहुतेक मुले शाळेत जाऊ लागली होती. मिचिओ सुझुकी त्या पिढीतला. तिथे सुताराच्या पोराला नकाशा वाचता येत होता आणि हिशेब लिहिता येत होता. हुनर आणि तालीम एका घरात नांदले, म्हणून मागाची मोटार झाली.

हमामात्सु ते गुरगाव

भारतात मोटार बनवणाऱ्या पहिल्या माणसांमध्ये आपल्या शेजारच्या सोलापूरचे वालचंद हिराचंद होते. त्यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटचे तंत्र घेऊन ज्या गाड्या बनल्या, त्यातलीच एक पुढे ‘पद्मिनी’ म्हणून घरोघर माहीत झाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी ती हीच. पण परवान्यांच्या त्या काळात गाडी नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. स्पर्धा नसल्याने गाडीत सुधारणा करण्याची कुणाला घाईही नव्हती.

1981 मध्ये मारुती उद्योग ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि 1982 मध्ये तिने सुझुकीशी करार केला. 14 डिसेंबर 1983 रोजी गुरगावच्या कारखान्यातून पहिली मारुती 800 ग्राहकाच्या हाती गेली. 796 सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन, हलके अंग आणि किल्ली फिरवली की चालू. तिने मध्यमवर्गाला गाडी दिली. पण गाडी चालवण्यातली मजा दिली ती 1993 च्या झेनने. 993 सीसीचे अॅल्युमिनियमचे इंजिन, बसकी बांधणी, वळणावर रस्त्याला चिकटणारी. हीच भारतात बनलेली झेन युरोपात ‘आल्टो’ नावाने विकली गेली. 1994 ची एस्टीम शर्यतीच्या शौकिनांची लाडकी झाली. ही एस्टीम म्हणजे मुळात सुझुकीची ‘कल्टस’, आणि कल्टसचेच परदेशातले नाव होते ‘स्विफ्ट’. म्हणजे हे नाव भारतात येण्याच्या दहा वर्षे आधी त्या घराण्याचे रक्त आपल्या रस्त्यांवर पळत होते.

2005 ची गाडी

नवी स्विफ्ट 2004 च्या अखेरीस जपानमध्ये आली आणि मे 2005 मध्ये भारतात. सुझुकीने ही गाडी युरोपच्या रस्त्यांवर पारखून घडवली होती. समोरच्या काचेशेजारचे खांब काळे केल्याने छत हवेत तरंगल्यासारखे दिसे. चारही चाके कोपऱ्यात ढकललेली होती. लांबी चार मीटरच्या आत, वजन हजार किलोच्या आसपास आणि 1298 सीसीच्या पेट्रोल इंजिनाची ताकद 87 अश्वशक्ती.

ही गाडी चालवताना मजा का येते याचे उत्तर इथेच आहे. केवळ ताकद मोजून चालत नाही, ती ताकद किती वजन ओढते ते पाहावे लागते. हलक्या अंगाला पुरेशी ताकद मिळाली की गाडी चटकन उचलते, चटकन थांबते आणि चटकन वळते. चाके कोपऱ्यात असली की वळणावर ती डोलत नाही. परदेशात हीच गाडी रॅलीतही उतरली. 2007 मध्ये स्वीडनच्या पेर-गुन्नार अँडरसन याने स्विफ्टवर ज्युनिअर वर्ल्ड रॅली चॅम्पियनशिप जिंकली. अधिक ताकदीची ‘स्विफ्ट स्पोर्ट’ मात्र कंपनीने भारतात कधी विकली नाही. आपल्याकडच्या पोरांनी साध्या स्विफ्टलाच स्पोर्ट मानले.

आमच्या भागात स्विफ्ट खऱ्या अर्थाने रुजली ती 2007 मध्ये डिझेल इंजिन आल्यावर. हे 1248 सीसीचे इंजिन मूळ फियाटचे. आधी ते हरियाणात बनत असे, पुढे मागणी इतकी वाढली की 2012 मध्ये पुण्याजवळच्या रांजणगावच्या फियाट कारखान्यातूनही इंजिने घेण्याचा करार मारुतीला करावा लागला. वालचंद शेठच्या पद्मिनीतले फियाट आणि हमामात्सुची सुझुकी अशा रीतीने एका गाडीत भेटले. या इंजिनात टर्बो होता. दोन हजार फेऱ्यांच्या खाली गाडी सुस्त वाटायची आणि मग पाठीत ढकलल्यासारखी पुढे झेपावायची. त्यात डिझेल तेव्हा पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त होते. उमरग्याचे कुटुंब आळंदमार्गे गुलबर्ग्याला बंदेनवाज यांच्या दर्ग्यावर जाऊन रात्री घरी परतू लागले.

2008 मध्ये स्विफ्टला डिकी जोडून ‘डिझायर’ आली. 2006 च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या आणि लहान इंजिनाच्या गाड्यांवरचा अबकारी कर कमी झाला होता. त्या सवलतीत बसण्यासाठी 2010 मध्ये पेट्रोल स्विफ्टचे इंजिन 1.2 लिटरचे झाले आणि 2012 मध्ये डिझायरची शेपटी छाटली गेली. जपानच्या लहान गाडीच्या कायद्याचीच ही भारतीय आवृत्ती. सोलापूर स्टेशनवरून तुळजापूरला भवानीच्या दर्शनाला निघालेले भाविक आज ज्या भाड्याच्या डिझायरमध्ये बसतात, तिचे स्टिअरिंग पुष्कळदा आपल्याच एखाद्या पोराच्या हातात असते. एका गाडीने किती घरांची चूल पेटते ते अशा वेळी दिसते.

कान आणि स्कॅनर

आता गॅरेजकडे येऊ. योगायोग असा की 2005 या वर्षीच सच्चर समिती नेमली गेली. तिचा अहवाल 2006 च्या अखेरीस आला. मुसलमान कामगार कापड, विडी-तंबाखू आणि वाहनांची विक्री-दुरुस्ती अशा कामांत मोठ्या संख्येने आहेत, हे त्यात नोंदले आहे. आणि 6 ते 14 वयाची 25 टक्के मुस्लिम मुले एक तर शाळेत गेलीच नाहीत किंवा मधेच गळाली, हेही. या दोन नोंदी वेगवेगळ्या पानांवर असतील, पण आमच्या गावांत त्या एकाच पोराच्या अंगावर दिसतात. आठवीत दप्तर ठेवले आणि उस्तादकडे पाना धरला.

पद्मिनी आणि जुन्या 800 च्या काळात हे निभावून गेले. कार्बोरेटर खोलायचा, जेट फुंकून साफ करायचे, पॉइंटची फट पत्रीने बघायची आणि आवाज ऐकून स्क्रू फिरवायचा. उस्तादचा कान हेच यंत्र होते. स्विफ्टमध्ये कार्बोरेटर नाही. किती इंधन कधी सोडायचे ते संगणक ठरवतो, जागोजागी सेन्सर आहेत आणि डिझेलच्या इंजेक्टरला धुळीचा कणही सोसत नाही. बिघाड झाला की मीटरमध्ये पिवळा दिवा लागतो आणि स्कॅनर जोडल्यावर पडद्यावर इंग्रजीत कोड येतो. ज्याला तो वाचता येतो, त्याच्याकडे गाडी जाते. बाकीच्यांकडे पंक्चर, डेंटिंग आणि सीटकव्हर उरते. ही कामे हलकी नाहीत, पण त्यात मजुरी हलकी मिळते.

एप्रिल 2020 पासून प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या. 2024 च्या स्विफ्टमध्ये तीन सिलिंडरचे नवे पेट्रोल इंजिन आहे. सुझुकीची विजेवरची गाडीही आता गुजरातमध्ये बनते. तिच्यात तर ऐकायला इंजिनच नाही. कानाच्या भरवशावरचा हुनर यापुढे किती पुरणार?

आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा आणि डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. दोन्हींना दहावी पास लागते. म्हणजे ज्या आठवीत आपण पोराला गॅरेजवर सोडतो, तिथून हे दार फक्त दोन वर्षांवर असते. मी उस्ताद लोकांना हात जोडून सांगतो की सुट्टीत, संध्याकाळी पोराला जरूर शिकवा, पण दहावीपर्यंत सकाळची शाळा त्याच्याकडून काढून घेऊ नका. उद्या स्कॅनर तोच वाचून दाखवील आणि तुमच्या कानाची किंमतही त्यालाच कळेल.

वेगाबद्दलही बोलले पाहिजे. ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक चाचणीत 2014 मध्ये एअरबॅग नसलेल्या भारतीय स्विफ्टला शून्य तारे मिळाले, 2018 मध्ये दोन, 2022 मध्ये एक. जे हलके अंग वळणावर मजा देते, तेच धडकेत किती वाचवील याचा विचार चौपदरी रस्त्यावर काटा 140 वर नेणाऱ्याने करावा. जीव ही अमानत आहे, आणि घरी वाट पाहणाऱ्या अम्मीला टॉप स्पीडशी काही देणेघेणे नसते.

स्विफ्ट घ्यायचे स्वप्न वाईट नाही. माझ्या मागच्या बाकावरच्या पोरांनी ते जरूर पाहावे. फक्त हेही लक्षात ठेवावे की ही गाडी सुताराच्या एका शागिर्दाने सुरू केलेल्या मागाच्या कारखान्यातून आली आहे, आणि त्याच गावात एक गॅरेजवाला ऐन तिशीत पुन्हा शाळेच्या बाकावर बसला होता. आपली पोरे तर अजून बाकावरच आहेत. त्यांना दहावीपर्यंत तिथून उठवू नका.