एका 'ले'साठी इंग्रजीत चार शब्द : इन, ॲट, ऑन आणि टू

भंडाऱ्याकडची ही चार वाक्यं पाहा : 'मी भंडाऱ्याले राहतो', 'मी भंडाऱ्याले जातो', 'गाडी सहाले आहे', 'सोमवारले ये'. झाडीबोलीतला 'ले' (प्रमाण मराठीतला 'ला') चारही ठिकाणी चालतो. इंग्रजीत मात्र 'इन भंडारा', 'टू भंडारा', 'ॲट सिक्स' आणि 'ऑन मंडे' असे चार वेगळे शब्द लागतात. गोंधळ होतो तो इथेच.

वेळेचं गणित सोपं आहे. घड्याळाला 'ॲट', वाराला आणि तारखेला 'ऑन', महिन्याला आणि वर्षाला 'इन'. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून 'इन 1999' वेगळा झाला. नेमकी तारीख सांगायची तर 'ऑन 1 मे 1999'. सकाळी म्हणजे 'इन द मॉर्निंग', पण रात्री म्हणजे 'ॲट नाइट'. का, ते विचारू नका, पाठच करा.

जागेचं थोडं वेगळं. आपण 'स्टेशनवर' उभे असतो म्हणून 'ऑन द स्टेशन' लिहून बसतो. बरोबर आहे 'ॲट द स्टेशन'. फलाटावर असाल तर मात्र 'ऑन द प्लॅटफॉर्म', कारण तिथे पाय खरंच पृष्ठभागावर आहेत. भंडारा रोड स्टेशन 'ॲट वरठी' आहे, तर पवनी 'ऑन द वैनगंगा'. नदीकाठच्या गावाला 'ऑन' लागतो. गाव पाण्यावर तरंगतं असा अर्थ होत नाही.

सगळ्यात महागात पडणारा शब्द म्हणजे 'पर्यंत'. 'सोमवारपर्यंत कागदपत्रं पाठवतो' याचं इंग्रजी आपण सर्रास 'टिल मंडे' करतो. वाचणाऱ्याला वाटतं, हा माणूस सोमवार उजाडेपर्यंत कागदं पाठवतच राहणार. मुदत असेल तर 'बाय मंडे'. एखादी गोष्ट तोवर चालूच राहणार असेल, जसं 'सोमवारपर्यंत तुमसरला आहे', तर 'टिल मंडे'. नोकरीच्या ईमेलमध्ये ही चूक लगेच डोळ्यांत भरते.

'पासून'चंही तसंच. 'दोन वर्षांपासून' म्हणजे 'फॉर टू इयर्स'. 'सिन्स' फक्त सुरुवातीच्या क्षणाला, 'सिन्स 2022'.

आणि 'डिस्कस' नंतर 'अबाउट' नको. 'विषयी' हा अर्थ त्या क्रियापदातच आहे. 'माझ्यावर रागावला' याचंही 'अँग्री ऑन मी' करू नका, 'अँग्री विथ मी' म्हणा.