२४ मे : काशीनरेशांची इंग्लंडमधली विहीर

इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायरमधल्या स्टोक रो या खेड्यात २४ मे १८६४ रोजी, राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवशी, एक विहीर गावाला खुली झाली. देणगीदार होते काशीचे महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह.

हे गाव चिल्टर्नच्या डोंगरावर. तिथल्या खडूच्या जमिनीत वर पाणी ठरत नाही. घरातलं उरलंसुरलं पाणी प्यायलं म्हणून एका पोराला मार बसल्याची हकीकत त्याच भागातले एडवर्ड रीड यांनी महाराजांना सांगितली होती. रीड हिंदुस्थानात अधिकारी होते आणि तिथे त्यांनी स्वतः विहीर खोदवली होती. महाराजांनी ते लक्षात ठेवलं, हे मोठं मन.

खोदकाम सगळं हातानं. व्यास जेमतेम ४ फूट आणि खोली तब्बल ३६८ फूट! अंधारात, मेणबत्तीएवढ्या उजेडात खाली उतरणाऱ्या त्या मजुरांची आठवण आज आवर्जून काढायला हवी. वर घुमट, रहाटावर हत्तीची मूर्ती. देखभालीच्या खर्चासाठी शेजारी चेरीची बाग लावली, तिचं नाव ‘ईश्री बाग’. पाणी गावकऱ्यांना फुकट.

नळ येईपर्यंत अनेक दशकं गावाची तहान याच विहिरीनं भागवली. ती आजही उभी आहे.