गावठाणाची रेघ

खेड्यात शेतजमिनीवर घर बांधायचं तर साधारणपणे एनएची परवानगी लागायची. ही आली कुठून?

1835-36 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नवी मोजणी-आकारणी बसवली. हेतू एकच, शेतसारा. पिकणाऱ्या जमिनीला सर्व्हे नंबर मिळाले. घरांभोवती एक रेघ आली, ते गावठाण. आत सारा नाही, म्हणून घरोघरची मोजणीही नाही. पुढे 1879 च्या मुंबई जमीन महसूल कायद्यात, कलम 65, शेतजमिनीचा दुसरा उपयोग करायला कलेक्टरची परवानगी आली. 1966 च्या संहितेत तेच कलम 44. म्हणजे बघा, सारा गोळा करायला काढलेली रेघ माणसानं कुठे राहावं हे ठरवू लागली! एका प्रश्नाचं उत्तर भलत्याच प्रश्नाला चिकटवायचं, हा आमच्या तत्त्वज्ञानातला जुना दोष. इथे तो सरकारी शिक्क्यानिशी आहे.

कुटुंबं वाढली, रेघ तिथंच. गावठाण वाढवण्याचा अधिकार कलेक्टरला आहे, पण तो मागायचा कुणी? एका घरात तीन भावांच्या तीन चुली, आणि हातात ग्रामपंचायतीचा नमुना 8. तो घरपट्टीचा उतारा, मालकीचा नव्हे. रेघेबाहेर मात्र कागद जाणणारा माणूस गुंठे पाडून विकतो. तुकडेबंदी 1947 मध्ये आली, तरीही.

2020 पासून स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणं मोजून मिळकत पत्रिका देताहेत. तिन्ही भावांपैकी पत्रिकेवर नाव कुणाचं, ते भांडण आता सुरू होतंय.