दोन विद्याशाखांचे प्राध्यापक

जलवाहिन्या टाकणे हे स्थापत्य अभियंत्याचे काम, रोगनिदान हे वैद्याचे. नळाच्या पाण्यानेच माणूस आजारी पडतो तेव्हा मात्र ही विभागणी अपुरी ठरते. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९३७ मध्ये स्वच्छता अभियांत्रिकीचे अध्यापन सुरू झाले ते याच जाणिवेतून. त्याची धुरा वाहणारे एबल वोलमन (१८९२-१९८९) अभियांत्रिकी आणि सार्वजनिक आरोग्य या दोन्ही विद्याशाखांत शिकवीत असत.

वोलमन विद्यापीठात आले ते मेरिलंड राज्याच्या आरोग्य खात्यातील प्रदीर्घ अनुभव घेऊन. पाण्यात क्लोरीन मिसळण्याची प्रथा अमेरिकेत १९०८ पासून रुजू लागली होती. पण मात्रा किती, हा प्रश्न बराचसा अंदाजावर चाले. मात्रा कमी पडली तर विषमज्वराचे जंतू उरत, जास्त झाली तर पाणी तोंडात घेववत नसे. रसायनतज्ज्ञ लिन एन्स्लो यांच्यासह वोलमन यांनी १९१९ मध्ये या प्रश्नाला शास्त्रीय बैठक दिली. प्रत्येक ठिकाणचे पाणी किती क्लोरीन शोषून घेते हे आधी तपासावे आणि त्यावरून मात्रा ठरवावी, अशी ती पद्धत होती. निवृत्तीनंतर, १९६५ मध्ये, त्यांनी शहराच्या चयापचयाची कल्पना मांडली. दहा लाख वस्तीच्या काल्पनिक अमेरिकी शहराला रोज ६ लाख २५ हजार टन पाणी लागते आणि त्यातून ५ लाख टन सांडपाणी बाहेर पडते, असा त्यांचा हिशेब होता.

पुढे विषयाचे नाव बदलत गेले. ‘आरोग्य’ हा शब्द गळून ‘पर्यावरण’ आला. नागपूरची १९५८ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था १९७४ पासून ‘नीरी’ म्हणून ओळखली जाते, हे त्याचे घरचे उदाहरण. नावाने काय होते, असे कोणी म्हणेल. परंतु विभाग वेगळे झाले की विद्यार्थी, नियतकालिके आणि पदोन्नतीचे निकषही वेगळे होतात. दोन्हीकडे पाय असलेल्या तरुण अध्यापकाला मग दोन्हीकडे परके ठरण्याची भीती असते.

ही दरी किती महाग पडू शकते, हे मिशिगन राज्यातील फ्लिंट शहरात दिसले. एप्रिल २०१४ मध्ये तेथील पाणीपुरवठा डेट्रॉइटऐवजी फ्लिंट नदीतून सुरू झाला. नळांची झीज रोखणारे रसायन त्यात घातले गेले नाही आणि जुन्या नळांतील शिसे पाण्यात उतरू लागले. व्हर्जिनिया टेकमधील स्थापत्य अभियांत्रिकीचे प्राध्यापक मार्क एडवर्ड्स यांच्या चमूने २०१५ मध्ये रहिवाशांच्या साह्याने घरोघरचे नमुने तपासले. बालरोगतज्ज्ञ मोना हॅना-अट्टिशा यांनी त्याच वर्षी मुलांच्या रक्तातील वाढलेले शिसे आकडेवारीनिशी दाखविले. एकाने नळ पाहिला, दुसरीने रक्त. दोन्ही पुरावे शेजारी आल्यावरच अधिकाऱ्यांचा नकार टिकेनासा झाला. ऑक्टोबर २०१५ मध्ये पुन्हा डेट्रॉइटचे पाणी सुरू झाले.

जॉन्स हॉपकिन्सने २०१७ मध्ये पर्यावरणीय आरोग्य व अभियांत्रिकी असा संयुक्त विभाग स्थापन केला. तो सार्वजनिक आरोग्य आणि अभियांत्रिकी या दोन्ही विद्यालयांचा मिळून आहे. वोलमन यांच्या अध्यापनाला त्या वर्षी ८० वर्षे झाली होती.