दुष्काळी काम ते कामाचा हक्क

पाऊस हुलकावणी देतो, ज्वारी करपते, शेतावरची मजुरी थांबते आणि माणसे खडी फोडण्यासाठी रस्त्यावर येतात. दख्खनच्या कोरडवाहू मुलखाने हे दृश्य पिढ्यान् पिढ्या पाहिले आहे. पण ते दुष्काळी काम हा सरकारचा उपकार होता की मजुराचा हक्क? या प्रश्नाचे उत्तर बदलावयास शंभर वर्षे लागली. ती हकीकत आज थोडक्यात सांगावयाची आहे.

१८७६-७७ च्या भीषण दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी काटकसरीचे धोरण आखले. खडी फोडणाऱ्या मजुराचा रोज एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे इतका खाली आणला गेला. मुंबई इलाख्यातील हजारो मजूर कामे सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगाच्या शिफारशींवरून दुष्काळसंहिता तयार झाल्या. सरकारचे कर्तव्य प्रथमच कलमवार लिहिले गेले, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु दुष्काळ आहे की नाही हे ठरविणार सरकारच. दुष्काळ जाहीर होईपर्यंत भुकेने थांबावयाचे! आणि दरवर्षीच्या उन्हाळ्यात भूमिहीनाची चूल विझते, तिची दखल तर कोणत्याच संहितेत नव्हती.

ही उणीव विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी हेरली. १९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात, विसापूर येथे, मागेल त्याला काम देण्याचा लहानसा प्रयोग त्यांनी करून पाहिला. त्यानंतर १९७० ते १९७३ चा दुष्काळ आला. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लक्ष माणसे होती. डोक्यावर घमेले आणि झाडाच्या सावलीत झोळीत मूल, अशा स्त्रिया त्यांत मोठ्या संख्येने होत्या. योजना सर्व राज्याला लागू करता येईल, ही खात्री त्या कठीण दिवसांनीच दिली.

पण पैसा कोठून आणावयाचा? १९७५ साली नोकरदार व व्यावसायिक यांच्यावर व्यवसाय कर बसविण्यात आला. शहरातील पगारदाराचा हात खेड्यातील मजुराच्या पाठीशी उभा राहिला. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता देण्याचे बंधन शासनावर आले. गरजू कोण, हे आता अधिकाऱ्याने ठरवावयाचे नव्हते; टिकाव-फावडे उचलण्यास जो तयार, तो गरजू. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते ही त्या श्रमाची फळे होत.

सारेच सुरळीत झाले, असे मात्र नाही. हजेरीपटावर खोटी नावे चढली, मजुरी आठवडेच्या आठवडे रखडली, कित्येक कामे अर्धवट राहिली. कायद्यातला हक्क पदरात पडण्यासाठी मजुरांना संघटित होऊन मोर्चे काढावे लागले. तथापि मूळ तत्त्व टिकले. २००५ साली संसदेने ग्रामीण कुटुंबाला वर्षाकाठी शंभर दिवस कामाची हमी देणारा कायदा केला, तेव्हा त्यामागे महाराष्ट्राचा अनुभव होता.

उपाशी माणसाला अन्न देणे ही दया आहे. त्याला काम मागण्याचा आणि न मिळाल्यास जाब विचारण्याचा अधिकार देणे हा न्याय आहे. खडी फोडणाऱ्या अनामिक हातांनी आपल्या लोकशाहीला हा धडा शिकविला.