अंबरनाथचे शिवमंदिर : दगड काय बोलतो?



विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत देवळावर लेख कशाला, असा प्रश्न काही जण विचारतील. आपण 22 प्रतिज्ञा घेतलेली माणसे. शंकराला आपण देव मानत नाही, त्याची पूजा करीत नाही. मग त्याच्या देवळाशी आपला काय संबंध? संबंध आहे. तो पूजेचा नाही, इतिहासाचा आहे. इतिहास दुसऱ्याच्या हाती सोपवला की काय होते, ते आपल्याइतके कुणी भोगलेले नाही.

आणखी एक कारण आहे. आपल्या सभांतून, वस्तीतल्या चर्चांतून एक वाक्य नेहमी ऐकू येते, "जुने देऊळ म्हणजे मुळात बुद्धविहारच!" टाळ्याही पडतात. पण बुद्धाने आपल्याला शिकवले ते असे, की कुणी सांगितले म्हणून, परंपरेने चालत आले म्हणून मानू नका, पारखून घ्या. हा नियम भटजीच्या पोथीला लावायचा आणि आपल्या भाषणाला लावायचा नाही, असे कसे चालेल? म्हणून आपल्या जवळचेच एक देऊळ घेऊ आणि त्याचा दगड काय बोलतो ते पाहू.

कल्याणहून लोकलने तिसरे स्टेशन अंबरनाथ. तिथे पूर्वेला, वालधुनी नदीच्या काठी हे काळ्या दगडाचे शिवमंदिर उभे आहे. आज ते पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातले संरक्षित स्मारक आहे, पूजाही चालते आणि महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. हे देऊळ कुणी बांधले, असे तिथे विचारले की उत्तर ठरलेले : "पांडवांनी एका रात्रीत बांधले." दुसरे उत्तर जरा शिकलेल्या माणसाचे : "हेमाडपंती आहे." दोन्ही उत्तरे चूक आहेत.

हेमाडपंत म्हणजे हेमाद्री पंडित, देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. तो तेराव्या शतकातला. आणि अंबरनाथच्या देवळावर जो शिलालेख मिळाला त्याची तारीख आहे शके 982, म्हणजे इ.स. 1060. हेमाडपंत जन्मायच्या कितीतरी आधी हे देऊळ उभे होते! चुन्याशिवाय दगडावर दगड बेतून बांधलेल्या प्रत्येक जुन्या देवळाला 'हेमाडपंती' म्हणायची आपल्याकडे सवय आहे, एवढाच त्याचा अर्थ.

या शिलालेखाची गोष्टही समजून घेण्यासारखी आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो वाचला तेव्हा साल लावले शके 782. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तोच दगड पुन्हा तपासला आणि सांगितले की पहिला आकडा 7 नाही, 9 आहे. एका आकड्याने 200 वर्षांचा फरक पडला. भाऊ दाजी काही साधे माणूस नव्हते, मोठे विद्वान होते. पण विद्वानाचे म्हणणेसुद्धा दगडाशी ताडून पाहिले गेले, याला म्हणतात अभ्यास. 1868 साली सरकारने मुंबईच्या जे. जे. कला शाळेची मंडळी पाठवून या देवळाची चित्रे आणि साचे करवून घेतले. त्यामुळेही पुढच्या अभ्यासकांची सोय झाली.

शिलालेखातून कळते ते असे. उत्तर कोकणावर त्या काळी शिलाहार घराण्याचे राज्य होते. ठाणे, म्हणजे त्यांचे स्थानक, ही त्यांची मोठी नगरी. छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणी हे तिघे भाऊ एकामागून एक गादीवर आले. छित्तराजाच्या वेळी देवळाचे काम निघाले आणि मुम्मुणीच्या वेळी पुरे झाले, असे अभ्यासक मानतात.

आता बांधणी बघू. देऊळ पश्चिमेकडे तोंड करून आहे. सभामंडप आतून सुमारे 23 फूट चौरस. त्याला पश्चिम, उत्तर, दक्षिण अशा तीन बाजूंनी मुखमंडप. मध्ये चार कोरीव खांब. त्यांच्यावरचे छत असे रचले आहे, की दगडाचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा आत सरकतो आणि शेवटी वर घुमट मिटतो. कमान नाही, लोखंडी तुळई नाही. सगळा भार तोलाने सांभाळलेला. गिरणीत मशीन बसवताना पाया एक सूत हलला तर काय होते ते मी पाहिले आहे. म्हणून त्या छताखाली उभे राहिल्यावर कारागिराच्या हिशेबाचे नवल वाटल्याशिवाय राहत नाही.

गाभारा मात्र मंडपापेक्षा खोल आहे, पायऱ्या उतरून जावे लागते. शिखराचा वरचा भाग आज नाही, गाभाऱ्यावर उघडे आकाश दिसते. शिखराच्या या घडणीला 'भूमिज' म्हणतात. चार बाजूंनी चार पट्टे सरळ वर चढत जातात आणि त्यांच्या मधल्या जागेत चिमुकल्या शिखरांच्या ओळी एकावर एक रचलेल्या असतात. सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर याच जातीचे. बाहेरच्या भिंती सरळ नाहीत, कोनाकोनांनी मोडत जातात. त्या कोनांवर शिवाची अनेक रूपे, ब्रह्मदेव, चामुंडा, सुरसुंदरी अशा मूर्ती खालपासून वरपर्यंत दाटीने कोरल्या आहेत.

मग हे मुळात बुद्धविहार होते का? दगड सांगतो, नाही. जोत्यापासून वरपर्यंत आखणी शिवमंदिराची, मूर्ती त्याच, लेखही तेच सांगतो. हे मान्य करण्यात आपली हार नाही. जिथे पुरावा आहे तिथे आपण छाती ठोकून बोलावे. जुन्नरजवळ लेण्याद्रीला जा. ज्या लेण्यात आज अष्टविनायकातला गिरिजात्मज आहे, ते लेणे म्हणजे भिक्खूंचा विहार. मधले दालन आणि भोवती भिक्खूंच्या खोल्या आजही तशाच आहेत. तिथे दगड आपल्या बाजूने साक्ष देतो. पण खोटी साक्ष जोडली, तर उद्या खऱ्या साक्षीलाही कुणी विचारणार नाही. खोट्या इतिहासाशी लढणाऱ्याने स्वतः खोटा इतिहास रचू नये.

मग अंबरनाथचे आपल्याशी नाते काय? ते कान्हेरीच्या वाटेने कळते. बोरिवलीच्या जंगलातली कान्हेरीची लेणी आपण सर्वांनी पाहिली आहेत. तिथे याच शिलाहार घराण्याच्या काळातले लेख आहेत. पुल्लशक्तीच्या कारकिर्दीत, इ.स. 843 मध्ये, लेण्यांची डागडुजी, भिक्खूंची चीवरे आणि ग्रंथ यांसाठी दान दिल्याची नोंद आहे. कपर्दीच्या कारकिर्दीत, इ.स. 854 च्या सुमारास, गौड देशाहून, म्हणजे बंगालकडून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने भिक्खूंसाठी ध्यानाच्या खोल्या केल्या आणि 100 द्रम्म ठेव ठेवली. म्हणजे नवव्या शतकात शिलाहारांच्या मुलखात संघ नांदत होता. आणि अकराव्या शतकात छित्तराजाच्या वेळी काय दिसते? भांडुपला सापडलेला त्याचा इ.स. 1026 चा ताम्रपट ब्राह्मणाला जमीन दान दिल्याचा आहे. ती जमीन नौर गावची, म्हणजे आजच्या नाहूरची, असे अभ्यासक मानतात. त्यानंतर उभे राहते अंबरनाथचे देऊळ. राजघराणे तेच, मुलूख तोच. पण राजाच्या देणगीचा ओघ कुणीकडे वळला होता, ते या दगडातून आणि तांब्यातून दिसते. धम्म कोकणातून का मावळला याची कारणे पुष्कळ असतील, पण राजाश्रय हे त्यातले एक मोठे कारण. शहाण्याने हे लक्षात ठेवावे : जी संस्था केवळ वरच्यांच्या देणगीवर जगते, ती देणगी वळली की वाळते.

आता शेवटची आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. अंबरनाथच्या शिलालेखात राजा भेटतो. महामात्य भेटतो, सांधिविग्रहिक भेटतो, राजगुरू भेटतात. पण खाणीतून दगड फोडणारा, तो ओढून आणणारा, छिन्नीने मूर्ती घडवणारा, उन्हात पाणी वाहणारी बाई, यांतले कुणी त्या लेखात भेटत नाही. वर पुन्हा लोककथा म्हणते, पांडवांनी एका रात्रीत बांधले! म्हणजे वर्षांनुवर्षांची मजुरी एका रात्रीत पुसून टाकली. नाशिकला आपल्या बौद्ध लेण्यांना 'पांडवलेणी' म्हणतात, तीही अशीच पुसापुशी. गिरणीच्या दरवाज्यावरच्या पाटीवर मालकाचे नाव असते, साचेवाल्याचे नसते. हा रिवाज फार जुना दिसतो.

याच्या उलट कान्हेरी बघा. तिथे कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने पाण्याचे टाके दिल्याचा लेख आहे. कल्याणच्याच नंद नावाच्या लोहाराने रस्ता करून दिल्याचा लेख आहे. कार्ल्याच्या चैत्याच्या दर्शनी दाराचे काम धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने केले, हे तिथेच कोरलेले आहे. प्रत्येक पाथरवटाचे नाव लेण्यांतही नाही, हेही खरे. पण लोहार आणि सुतार आपल्या नावानिशी दगडावर उभा राहू शकत होता, आणि तोही राजाच्या लेखाशेजारी! अंबरनाथच्या आधी 800 हून जास्त वर्षे आणि तिथून हाकेच्या अंतरावरचे कल्याण! माणसाला माणूस म्हणून मोजणारी परंपरा ती हीच.

पुढे तर असा काळ आला, की ज्यांनी दगड वाहिले त्यांच्याच लेकरांना देवळाची पायरी बंद झाली. नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर 2 मार्च 1930 पासून परमपूज्य बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आणि दादासाहेब गायकवाडांच्या मेहनतीने सत्याग्रह झाला, तो देव भेटावा म्हणून नव्हे, माणुसकीचा हक्क मिळावा म्हणून. पाच वर्षे दरवाजा उघडला नाही. तेव्हा 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. मंदिरप्रवेशाचा कायदा मुंबई प्रांतात 1947 साली आला. तोपर्यंत आपली वाट वेगळी झाली होती.

आज ती पायरी आपल्याला कुणी अडवू शकत नाही. म्हणून माझी विनंती आहे, मुलांना कान्हेरी दाखवा आणि अंबरनाथही दाखवा. अंबरनाथला नारळ घेऊन जाऊ नका, वही-पेन्सिल घेऊन जा. हात जोडू नका, डोळे उघडे ठेवा. मुलाने विचारले, "हे कुणी बांधले?" तर पांडव सांगू नका, नुसता राजाही सांगू नका. सांगा, बाळा, ज्यांची नावे लिहिली नाहीत त्यांनी बांधले. तुझे नाव लिहिता यावे म्हणून बाबासाहेबांनी तुझ्या हातात लेखणी दिली आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!