पिवळं कोणाचं?

परवा भाचा राहायला आला होता. सकाळी विचारलं, "अंडं कसं करू रे तुला?" तर म्हणाला, "मामा, नुसत्या पांढऱ्याचं ऑम्लेट. पिवळं नको." हल्ली तो व्यायामशाळेत जातो, त्यामुळे त्याचं सगळं ग्रॅमात चालतं. मी निमूटपणे दोन अंडी फोडली. पांढरं एका वाटीत, पिवळं दुसऱ्या वाटीत. त्या दुसऱ्या वाटीकडे बघताना एकदम बाबा आठवले.

"अंडं कसं हवं?" हा प्रश्न आमच्या घरात तसा नवाच. आजोबांच्या, म्हणजे अण्णांच्या काळात घरात अंडं येत नसे. अण्णाच अंड्याकडे जात. डेक्कनवरचं गुडलक 1935 साली सुरू झालं आणि अण्णा नोकरीला लागले तसे पगाराच्या दिवशी तिथे जाऊन ऑम्लेट-पाव खायला लागले. आजीला हे पक्कं ठाऊक होतं. तिचं म्हणणं एवढंच, "बाहेर काय खायचं ते खा, माझ्या चुलीवर नको."

आता वाटतं, अण्णांसारख्या किती जणांची सोय इराण्यांनी केली असेल! हे लोक इराणातून, बरेचसे यझ्द, केरमान भागातून आलेले, त्यातले पुष्कळ झोराष्ट्रियन. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ते मुंबई-पुण्यात येऊन हॉटेलं काढू लागले. धोबीतलावचं कयानी 1904 सालचं. चहा, पाव, मस्का आणि अंडी. जात विचारायची नाही, घरी सांगायचं नाही. त्यांच्या आधी शेकडो वर्षं इथे आलेले पारशी तर अंड्याचे खरे दर्दी. भेंडीवर, टोमॅटोवर, बटाट्याच्या सळीवर, कशावरही अंडी फोडतात आणि त्याला 'पर ईडू' म्हणतात. वर त्यांची ती मऊसूत अकुरी! आपली भुर्जी तव्यावर खडखडीत कोरडी होते, अकुरी मात्र ओलसर असतानाच उतरवायची.

इकडे आजीनेही आपल्या परीने उत्तर शोधलं होतं. टोमॅटो ऑम्लेट. डाळीचं पीठ, थोडं तांदळाचं पीठ, टोमॅटो, कांदा, कोथिंबीर. नावात ऑम्लेट, पण अंड्याचा वाराही नाही. कितीतरी मराठी घरांत हा पदार्थ होतो आणि त्या नावाचं कुणाला काही वाटत नाही. मला मात्र ते आजीचं अण्णांना दिलेलं उत्तर वाटतं. हवं ना ऑम्लेट? हे घ्या :)

अंडं आमच्या घरात आलं ते आईबरोबर. तेही थेट स्वयंपाकघरात नाही. मागच्या पडवीत वातीचा स्टो आणि एक वेगळं ॲल्युमिनियमचं भांडं. त्यात आई अंडी उकडायची, आणि उकडायची म्हणजे पार वीस मिनिटं! मग बलकाभोवती हिरवट-काळी कड यायची. बलकातलं लोह आणि पांढऱ्यातलं गंधक जास्त उष्णतेने एकत्र येतं, त्याची ती कड. आम्हाला तेव्हा वाटायचं, अंडं असंच असतं.

तोपर्यंत बाहेरही बरंच बदललं होतं. अंड्याचा भाव व्यापारी ठरवायचे आणि कोंबड्या पाळणारा तोट्यात जायचा. 1982 साली डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने उत्पादक एकत्र आले, राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली आणि भाव उत्पादकच जाहीर करू लागले. मग दूरदर्शनवर 'संडे हो या मंडे' सुरू झालं. सरकारी टीव्हीच सांगतोय म्हटल्यावर आजीचाही विरोध ढिला पडला. वेगळं भांडं पडवीतून आत आलं. फळी मात्र वेगळीच राहिली.

बाबांची आवड एकच, हाफ फ्राय. कडा कुरकुरीत, मध्ये पिवळं थरथरतं. आधी सगळं पांढरं खाऊन घ्यायचे, मग पावाच्या टोकाने पिवळं फोडायचे. तेवढा वेळ त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही.

1989 साली बाबांच्या छातीत दुखलं. वय सत्तेचाळीस. डॉक्टरांनी सिगरेट बंद केली, चालायला सांगितलं आणि पिवळं बंद केलं. डॉक्टरांचंही काही चुकलं नव्हतं, तेव्हा सगळं जगच तसं सांगत होतं. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 1968 साली मर्यादा घालून दिली होती. दिवसाला 300 मिलिग्रॅमपेक्षा कमी कोलेस्टेरॉल आणि आठवड्याला जास्तीत जास्त तीन बलक. एका मोठ्या अंड्यात जवळजवळ 186 मिलिग्रॅम असतं, म्हणजे दोन अंडी खाल्ली की हिशेब संपला.

तेव्हापासून बाबा रविवारी उकडलेलं अंडं घ्यायचे, सुरीने मधोमध कापायचे आणि पिवळं माझ्या ताटात सरकवायचे. एक शब्द न बोलता. मला ते भारी आवडायला लागलं. फार नंतर लक्षात आलं, की माझी आवड म्हणजे त्यांचं पथ्य होतं.

बाबा 2008 साली गेले. 2015 साली अमेरिकेच्या आहारविषयक सल्लागार समितीने सांगितलं, की खाण्यातल्या कोलेस्टेरॉलची एवढी धास्ती घ्यायचं कारण नाही, आणि त्यानंतर आलेल्या मार्गदर्शिकेतून तो 300चा आकडा गेला. शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल यकृतच तयार करतं. खाण्यातून जास्त आलं तर बहुतेकांचं यकृत आपलं काम कमी करतं. संपृक्त चरबी त्यापेक्षा जास्त त्रासदायक. याचा अर्थ हवी तितकी अंडी खा असा नाही, आणि मधुमेह असलेल्यांनी डॉक्टरांना विचारावंच. पण ही बातमी वाचली त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

गंमत म्हणजे चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, अन्नपानाच्या अध्यायात, हंस, चकोर, कोंबडी, मोर, चिमणी यांची अंडी हितकर म्हटली आहेत. कशावर? खोकल्यावर, क्षतावर आणि हृद्रोगावर! चरक बरोबर होते असं मला म्हणायचं नाही. एवढंच, की एकाच अंड्याकडे माणसाने किती वेगवेगळ्या डोळ्यांनी बघितलंय.

आणि अजून बघतोच आहे. महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर 2023 मध्ये शाळेतल्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं आणि जानेवारी 2025 मध्ये त्यासाठीचा निधी थांबवला. आपण पांढरं की पिवळं, हाफ की फुल असे चोखंदळपणे बोलतो. "कसं हवं?" असं ज्याला कुणी विचारतं, तो मुळात नशीबवान.

बाबांनी एकोणीस वर्षं पिवळं सोडलं ते फुकट गेलं का? माहीत नाही. सिगरेट सोडणं आणि रोजचं चालणं नक्कीच कामी आलं असणार. पण त्यातले थोडे रविवार मी त्यांना परत देऊ शकलो असतो, असं वाटत राहतं.

असो. दुसऱ्या दिवशी भाच्याला काही विचारलंच नाही. दोघांसाठी हाफ फ्राय केलं. त्याने आधी सगळं पांढरं खाल्लं, मग पाव हातात घेऊन पिवळ्याकडे बघत बसला. म्हटलं, "फोड." फोडलं. आणि मग तोही बोलेनासा झाला.

आत्या, तू हे वाचशीलच, म्हणून तुलाच विचारतो. अण्णा तिथे ऑम्लेटच खायचे, की हाफ फ्राय? आता हे फक्त तुलाच माहीत असणार.